व्हॉल्व्ह गातो का?

गेल्या वर्षी माझ्या फोनो प्रीअँपच्या डाव्या बाजूने खरखर सुरू झाली. किशोरी आमोणकरांची एलपी लावावी, तानपुरा ऐकू यायला लागावा, आणि मागे कुणीतरी शेंगदाणे भाजतंय असा आवाज! माझ्या यंत्रात दोन्ही बाजूंना एकेक ईसीसी८३ व्हॉल्व्ह आहे. यंत्र बंद करून पुरेसा वेळ थांबलो (आत अडीचशेच्या आसपास व्होल्ट असतात, आणि ते बटण दाबल्याबरोबर जात नाहीत) आणि दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल केली. खरखर उजवीकडे गेली. म्हणजे दोष व्हॉल्व्हचाच. नवी जोडी आणायची, एवढंच काम उरलं होतं. त्यासाठी परीक्षणं वाचायला बसलो आणि तीन महिने वाचतच राहिलो.

हे लिहितोय ते त्या परीक्षणांबद्दल. व्हॉल्व्हचं परीक्षण हाही समीक्षेचाच एक प्रकार आहे, आणि समीक्षेच्या वाईट सवयी तिथे फार स्पष्ट दिसतात. टेलिफुंकन म्हणजे पारदर्शक, मलार्ड म्हणजे उबदार, आजचे रशियन म्हणजे कोरडे. घराण्यांबद्दल बोलावं तसं हे चालतं. पण काचेवरच्या नावाचाही भरवसा नाही. त्या काळी कंपन्या एकमेकींचा माल सर्रास आपल्या नावाने विकत. म्हणून जाणकार नावाऐवजी खुणा बघतात : टेलिफुंकनच्या तळाशी पिनांच्या मध्ये उमटवलेला चौकट, किंवा ब्लॅकबर्नच्या कारखान्याचा काचेवरचा सांकेतिक क्रमांक. इतका काटेकोरपणा कुळ शोधताना येतो, ऐकताना मात्र गळून पडतो.

हा व्हॉल्व्ह काय करतो ते आधी पाहू. सुईकडून येणारा विद्युत संकेत जेमतेम पाच मिलिव्होल्टचा. तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात. प्रीअँप ते उलटं करतो. आरआयएए प्रमाणानुसार १००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झ सुमारे १७ डेसिबल वर, तर १०,००० हर्ट्झ जवळपास १४ डेसिबल खाली. खर्जाबरोबर व्हॉल्व्हची स्वतःची घरघरही वाढते. म्हणून या जागी पहिला प्रश्न ‘किती गोड?’ हा नाही. ‘किती शांत?’ हा आहे. टिचकी मारली तर स्पीकरमधून टण् असं येतं का, हा दुसरा.

तिसरा प्रश्न मंडलाचा. ज्या मंडलात ऋण प्रतिभरण असतं, तिथे व्हॉल्व्हा-व्हॉल्व्हांतले फरक बरेचसे दाबले जातात. जिथे ते नसतं, तिथे व्हॉल्व्हचा अंतर्गत रोध त्या आरआयएए वक्राचाच भाग होतो. व्हॉल्व्ह बदलला की वक्र किंचित सरकतो. ‘उबदारपणा’ म्हणजे कदाचित एवढंच. मंडल कोणतं हे न सांगता व्हॉल्व्हवर निकाल देणं म्हणजे साथीला कोण होतं, सभागृह कसं होतं, हे गाळून मैफलीबद्दल लिहिणं. काहीजण तर ईसीसी८३च्या जागी ईसीसी८२ लावून बघा म्हणतात. पिना जुळतात हे खरं. पण एकाचा वर्धनांक १००, दुसऱ्याचा १७च्या आसपास. आवाज पडतो, आणि त्या पडण्याला ‘संयत’ म्हणता येतं.

मी वेगळा वागलो असं नाही. लॅमिंग्टन रोडवरून एक जुनी युरोपीय जोडी भरपूर पैसे मोजून आणली, आणि तुलनेसाठी एक नवी, स्वस्त. जुनी लावली त्या रात्री वहीत लिहिलं : ‘तानपुरा जिवंत झाला.’ शब्द माझे नव्हते, पण तेव्हा ते जाणवलं नाही.

मुलीने परीक्षा घ्यायचं ठरवलं. मी खोलीबाहेर, ती आत व्हॉल्व्ह बदलणार. दर खेपेला यंत्र थंड व्हायला आणि पुन्हा तापायला वेळ द्यावा लागे, म्हणून चार रविवार गेले. दहापैकी पाच वेळा मी बरोबर ओळखलं. नाणं उडवूनही तेवढंच जमलं असतं.

शेवटच्या रविवारी ती म्हणाली, “बाबा, जुन्या जोडीत गाणं थांबलं की बारीक सूं असं ऐकू येतं. तुम्हाला नाही येत?”

नाही येत. मी एकसष्ट वर्षांचा आहे. वरच्या पट्टीतलं बरंच काही मला आता ऐकू येत नाही, आणि त्या रात्री ज्याला मी उबदारपणा समजलो, त्यात माझ्या कानांचा वाटा किती, हे मला सांगता येणार नाही.

सगळे व्हॉल्व्ह सारखेच, असा निष्कर्ष मी काढत नाही. खरखर खरी होती, ती सूंही खरी आहे. समीक्षकाने आपला कान वापरावाच. पण कशावर ऐकलं, कोणत्या मंडलात ऐकलं आणि नाव बघून ऐकलं की न बघता, एवढं सांगायला काय हरकत आहे?

यंत्रात आता नवी, शांत जोडी आहे. वहीतलं ते पान मी फाडलं नाही. त्या वाक्याखाली माझं वय लिहून ठेवलं.