शेवटचा येण्याचा हक्क

'एडी द ईगल' हा सिनेमा मी आजवर तीनदा पाहिलाय आणि तिन्ही वेळा शेवटच्या उडीला घशात आवंढा आलाय. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जरा वाकडं बोलणार आहे.

डेक्स्टर फ्लेचर दिग्दर्शित हा सिनेमा 2016 मध्ये आला. मायकल एडवर्ड्स या खऱ्याखुऱ्या माणसावर तो बेतलाय. गिलावा करणाऱ्या गवंड्याचा मुलगा, जाड भिंगांचा चष्मा, डोक्यात लहानपणापासून एकच खूळ : ऑलिम्पिकला जायचं. कोणत्या खेळात, ते नंतर बघू! ब्रिटनकडून स्की जंपिंग कुणीच करत नाही, म्हणजे तिथे रांगच नाही, हे लक्षात आल्यावर गडी स्की जंपर व्हायचं ठरवतो. पायांना लांबलचक फळ्या बांधून उंच, बर्फाळ घसरगुंडीवरून ताशी नव्वदेक किलोमीटर वेगाने सुटायचं, टोकाशी आल्यावर हवेत झेपावायचं आणि शक्य तितकं लांब जाऊन सरळ उभं उतरायचं, असा हा खेळ. 1988 च्या कॅलगरी ऑलिम्पिकमध्ये एडी छोट्या आणि मोठ्या अशा दोन्ही टेकड्यांवर शेवटचा आला आणि जगाचा लाडका झाला.

सिनेमा गोड आहे. खोटाही बराच आहे. ह्यू जॅकमनने रंगवलेला दारुडा कोच अस्तित्वातच नव्हता. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही, असल्या सिनेमांत एवढं चालतं. माझं घोडं अडतं ते त्या कोचच्या एका शिकवणीपाशी. उडी कशी मारायची हे समजावताना तो एडीला त्याची आवडती नटी विचारतो. उत्तर येतं, बो डेरेक. मग कोच टेकडीवरून निसटण्यापासून हवेत झेपावण्यापर्यंतची सगळी क्रिया त्या नटीबरोबरच्या शृंगाराच्या भाषेत समजावतो, आवाजांसकट. प्रसंग विनोदी आहे, मीही हसले. पण त्यातून उरतं काय? उडी मारणारा तो आणि उडीची उपमा ती. सिनेमातल्या बाकी बायकांची यादीही छोटीच. पोरावर जीव टाकणारी आई आणि त्याला आसरा देणारी जर्मन बारमालकीण. दोघी प्रेमळ, दोघी जमिनीवर.

यावर ठरलेलं उत्तर मला ठाऊक आहे. 'अहो, 1988 साली त्या खेळात बायका नव्हत्याच, सिनेमावाले काय दाखवणार?' तर होत्या. फिनलंडच्या टीना लेहटोलाने 1981 मध्ये 110 मीटर उडी मारली होती, म्हणजे कॅलगरीच्या सात वर्षं आधी. त्याच्याही मागे जायचं तर नॉर्वेच्या योहान कोल्स्टाडने 1930 च्या दशकात 72 मीटरचा पल्ला गाठला होता. एडीची कॅलगरीतली मोठ्या टेकडीवरची उडी त्याच्याच आसपासची. टेकड्या वेगळ्या, साधनं वेगळी, त्यामुळे मीटरला मीटर लावून हिशेब करणं बरोबर नाही, मान्य. पण पन्नास वर्षांपूर्वी लाकडी फळ्यांवर एक बाई जिथवर गेली, तिथवरच एडी पोहोचला. त्याला ऑलिम्पिक मिळालं, तिच्यासाठी ती स्पर्धाच नव्हती.

पुरुषांचं स्की जंपिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये अगदी पहिल्यापासून, म्हणजे 1924 पासून आहे. बायकांना तिथे पोहोचायला 2014 उजाडलं. मधली नव्वद वर्षं कारणं देण्यात गेली. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष जान फ्रँको कास्पर यांनी 2005 मध्येसुद्धा, म्हणजे मोबाइलमध्ये कॅमेरे आले होते तेव्हा, सांगितलं की हा खेळ म्हणजे वर्षाकाठी हजार वेळा दोनेक मीटरवरून जमिनीवर उडी मारण्यासारखा आहे आणि वैद्यकीय दृष्ट्या तो स्त्रियांना योग्य वाटत नाही. नाजूक अवयव शरीराच्या बाहेर कुणाचे असतात, हे त्यांना कुणी विचारलं होतं की नाही, कोण जाणे.

पण वैद्यकीय कारण निदान हसण्यावारी नेता येतं. खरं जड गेलं ते दुसरं कारण : दर्जा. 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने व्हँकुव्हर 2010 साठी महिला स्की जंपिंग नाकारलं. खेळणाऱ्या कमी, देश कमी. समितीचे तेव्हाचे अध्यक्ष जाक रोग यांचं पुढचं म्हणणं असं की, पदकांचं मोल पातळ व्हायला नको. त्याच खेपेला स्की क्रॉस हा नवा प्रकार मात्र ऑलिम्पिकमध्ये घेतला गेला.

इथे मला एडी आठवतो. ज्या खेळाच्या ऑलिम्पिकमधल्या सर्वांत लोकप्रिय गोष्टीचा नायक शेवटचा आलेला माणूस आहे, त्या खेळात बायकांना सांगितलं जात होतं की तुमचा दर्जा पुरेसा नाही. एडीचं अपयश म्हणजे जिगर. बायकांचं संभाव्य अपयश म्हणजे पदकांची अवहेलना. समितीची बाजूही सांगायला हवी. कॅलगरीनंतर तिने नियम कडक केले, हौशा-नवशांना दार बंद झालं आणि एडीला पुन्हा ऑलिम्पिक मिळालं नाही. पण ते दार त्याच्यासाठी एकदा तरी उघडं होतं. सिनेमा त्या उघड्या दाराकडे बघतच नाही. त्याला वाटतं, सगळी कमाल एडीच्या जिद्दीची.

जिद्दच मोजायची तर लिंडसी व्हॅनकडे बघा. (व्हॅन. शर्यतीतली प्रसिद्ध व्हॉन वेगळी. या नावसाधर्म्याने बिचारीच्या वाट्याची थोडी प्रसिद्धीही गिळली असेल.) व्हँकुव्हर ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या छोट्या टेकडीवर 2008 मध्ये तिने 105.5 मीटर उडी मारली. ऑलिम्पिक सुरू होईपर्यंत त्या टेकडीवरचा तो विक्रम होता, स्त्री-पुरुष सगळे धरून. 2009 मध्ये महिलांची पहिली जागतिक स्पर्धाही तिनेच जिंकली. त्याच वर्षी ती आणि इतर जंपर कॅनडातल्या कोर्टात गेल्या. न्यायाधीश लॉरी ॲन फेनलन यांनी निकालात मान्य केलं की हा भेदभाव आहे. पण खेळ कोणते घ्यायचे हे आंतरराष्ट्रीय समिती ठरवते आणि तिला कॅनडाचा कायदा लागू होत नाही. म्हणजे अन्याय आहे, पण तो करणारा आमच्या हद्दीत नाही. हा प्रसंग कुठल्याही पटकथाकाराला सुचला नसता. व्हॅनवर आणि तिच्या सोबतिणींवर 'रेडी टू फ्लाय' हा माहितीपट झाला, पण ह्यू जॅकमन काही तिच्या वाट्याला आला नाही. सोचीला 2014 मध्ये ती अखेर उडाली, तेव्हा पंधरावी आली. तिची उमेदीची वर्षं कोर्टाच्या तारखांत गेली होती.

ऑस्लोच्या होल्मेनकोलन टेकडीची गोष्ट तर याहून बोलकी. 2010 मध्ये ती नव्याने बांधली, आणि पहिल्या उडीचा मान आनेत्ते सागेन या महिला जंपरला द्यायचं ठरलं. नंतर कळलं की आदल्या रात्री एका पुरुष जंपरने गुपचूप चाचणीची उडी मारून घेतली होती. त्याने पुढे माफी मागितली. पण 'चाचणी' हा शब्द मला फार आवडला. बायकांनी उडण्याआधी पुरुषांनी खात्री करून घ्यायची!

आता चित्र बरंच बदललंय. 2025 मध्ये स्लोव्हेनियाच्या निका प्रेवत्सने 236 मीटर उडी मारली. हजार वेळा दोन मीटर कुठे आणि हे कुठे! महिलांचा जागतिक विक्रम तिच्या नावावर आणि पुरुषांचा तिच्या भावाच्या, डोमेनच्या. एका घरात दोन्ही. कधी तरी यावर सिनेमा येईल आणि मीही रडेन, पण तो यशाचा सिनेमा असेल. मला बघायचाय तो दुसराच : जाड चष्म्याची, बेढब, हट्टी मुलगी, जी शेवटची येते आणि तरीही गर्दी उभी राहून टाळ्या वाजवते.

स्की जंपिंग आणि लांब पल्ल्याचं स्कीइंग एकत्र करणारा नॉर्डिक कंबाइन्ड हा खेळही 1924 पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. महिलांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा त्यात 2021 पासून होते. 2022 मध्ये समितीने पुन्हा सांगितलं, देश कमी, प्रेक्षक कमी. इटलीतल्या 2026 च्या ऑलिम्पिकच्या कार्यक्रमात या खेळाच्या पुरुषांसाठी तीन स्पर्धा आहेत. बायकांसाठी एकही नाही.