थांबा आणि वगळ : भेंडी बाजार परिसरातील खाद्यभ्रमंतीच्या आखणीची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी विभागांच्या अभ्याससहलींचे मार्ग बहुधा ठरलेले असतात. एखाद्या संताचे समाधिस्थळ, एखाद्या साहित्यिकाचे स्मारक, एक जुने ग्रंथालय आणि जमलेच तर आकाशवाणी केंद्र. आमच्या विभागाने या रिवाजात थोडा बदल करून मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट ते नळ बाजार या भागात पायी हिंडत तेथील खाद्यसंस्कृतीचा परिचय करून घेण्याची सहल आखली. खाद्यभ्रमंती, म्हणजे ज्याला आता सर्रास 'फूड वॉक' म्हटले जाते, तो प्रकार महानगरांत चांगलाच रुळलेला आहे. पहूरसारख्या महामार्गावरील गावातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना तो नवा होता, आणि खरे सांगायचे तर प्रस्तुत लेखिकेलाही.

हा लेख त्या सहलीचा अहवाल नव्हे. अशा भ्रमंतीची आखणी ही एक संहिता असते. तिला कर्ता असतो, तिच्यात निवड असते, क्रम असतो आणि कोणत्याही संहितेप्रमाणे वगळही असते. कोठे थांबायचे हे ठरवताना कोठून न थांबता पुढे जायचे हेही ठरत असते. या दुसऱ्या निर्णयाची चर्चा सहसा होत नाही. ती येथे करावयाची आहे.

रूढ मार्गाचे वाचन

या भागातील प्रचलित मार्ग साधारण असा : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून क्रॉफर्ड मार्केट, तेथून मोहम्मद अली रोडने मिनारा मशिदीची गल्ली, पुढे बोहरी मोहल्ला, भेंडी बाजार आणि परत. थांबेही ठरलेले आहेत. १९३६ पासूनचे सुलेमान उस्मान मिठाईवाला यांचे दुकान, १९२३ पासून चालत आलेले नूर मोहम्मदी हॉटेल आणि तेथील नळी-निहारी, १८८७ पासूनचे ताज आइस्क्रीम. सकाळी लवकर गेल्यास बारा हंडीचे दुकान. रात्रभर मंद आचेवर शिजलेले निरनिराळ्या हंड्यांमधील पाये-नळ्यांचे रस्से येथे सकाळी पावाबरोबर खाल्ले जातात.

या मार्गात रस आहे, इतिहास आहे आणि चालणाऱ्याची सोयही पाहिलेली आहे. तरी त्यातील कालनिवड लक्षात घेण्याजोगी आहे. बहुतेक भ्रमंत्या रमजानच्या रात्री ठेवल्या जातात, कारण तेव्हा गल्ली रोषणाईने आणि गर्दीने भरलेली असते. दिवसभर निर्जळी उपवास करून रोजा सोडणारा माणूस आणि दुपारचे जेवण उरकून मालपुवा 'अनुभवण्यास' आलेला पाहुणा, हे दोघे एकाच बाकावर येतात. त्यांपैकी एकाच्या हातात मोबाइलचा कॅमेरा असतो. बारा हंडीची सकाळ मात्र मार्गपत्रिकेत क्वचितच येते. रात्रपाळी संपवून आलेला किंवा दिवसाच्या ओझ्याला निघालेला श्रमिक तेथे जेवतो, आणि त्या जेवणात रोषणाई नसते.

मार्गाचा आरंभबिंदूही नीट वाचला जात नाही. क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये उभे राहिले. त्याच्या प्रवेशद्वारावरील शिल्पपट्ट समोरच्याच जे. जे. कला विद्यालयातील शिक्षक लॉकवुड किपलिंग यांनी घडविले असून त्यांत या देशातील शेतकरी कोरलेले आहेत. मंडईचे आजचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई असे आहे. 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ १८८३ मध्ये लिहिणाऱ्या फुल्यांचे नाव आणि दगडातले हे शेतकरी एकाच दारावर यावेत, यापेक्षा चांगली प्रस्तावना कोणत्या खाद्यभ्रमंतीला मिळणार? तरीही हे ठिकाण मार्गात केवळ 'जमण्याची जागा' म्हणून येते. केळीच्या पट्ट्यातून आलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना मात्र तेथून हलवणे अवघड गेले. रावेर-यावलकडचा माल बाजारात गेल्यावर त्याचे पुढे काय होते, हा त्यांच्या घरातला प्रश्न होता.

'एकाच' जेवणाचा आभास

वैविध्य हा अशा भ्रमंतीचा आवडता शब्द. परंतु या परिसराचे वर्णन करताना 'मुस्लिम खाद्यपदार्थ' असे एकच लेबल लावले जाते आणि वैविध्याची गणती पदार्थांच्या यादीवर येऊन थांबते. वस्तुतः येथे दाऊदी बोहरा आहेत, मेमन आहेत, उत्तरेकडून आलेले विणकर व कारागीर यांचे वंशज आहेत, आणि मराठीच्या बोलीत बोलणारे कोकणी मुसलमान आहेत. तांदळाची भाकरी आणि सांदणे करणाऱ्या या शेवटच्या समूहाचा मराठी विभागाच्या सहलीशी सर्वांत जवळचा संबंध आहे. रूढ मार्गपत्रिकेत त्याचा उल्लेख आढळत नाही, कारण त्याचे जेवण घरात आहे आणि मार्ग दुकानांचा आहे.

आमच्या आखणीतही हाच दोष होता, हे कबूल केले पाहिजे. तो दाखवून दिला एका विद्यार्थिनीनेच. ती आमच्या भागातल्या मुसलमान कुटुंबातील. मार्ग ठरवताना, कळत-नकळत, आम्ही तिला 'जाणकार' मानून तिच्याकडे पाहत होतो. निहारीचे ताट समोर आल्यावर ती म्हणाली, "मॅडम, हे आमच्या घरचं जेवण नाही. आमच्याकडे कळण्याची भाकर अन् ठेचाच असतो. हे मीपण पहिल्यांदाच पाहतेय." वर्गात 'अनेकविधता' या संज्ञेवर घेतलेल्या तासांपेक्षा हे वाक्य अधिक नेमके होते. खानदेशातील मुसलमान घरातली भाकरी आणि शेजारच्या लेवा पाटील किंवा तडवी भिल्ल घरातली भाकरी यांत जे साम्य आहे, ते टिपण्यासाठी मुंबईला जाण्याची गरज नव्हती. पहूर पेठ आणि पहूर कसबे या दोन गावांत मिळूनही ते टिपता आले असते.

ताटात कोणते मांस आहे, हे सांगण्याची जबाबदारीही आखणीकाराचीच. मार्च २०१५ पासून राज्यात गायींबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे. परिसरातील भटारखान्यांवर त्याचा परिणाम झाला. याविषयी मौन बाळगून विद्यार्थ्यांना 'खाऊन तर बघा' म्हणणे अशैक्षणिक ठरते. ज्याला खायचे नाही त्याला नकाराचा अधिकार आहे आणि ज्याला खायचे आहे त्याला माहितीचा.

मार्ग जेथे वळतो

भेंडी बाजारापर्यंत आलेला रूढ मार्ग येथून मागे वळतो. येथून नळ बाजार ओलांडून पश्चिम-उत्तरेस थोडे चालले की गोलपिठा लागतो आणि पुढे कामाठीपुरा, नागपाडा. मराठी साहित्याच्या अभ्यासकास हे अंतर फार मोठे वाटले पाहिजे, कारण याच भूमीवर नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' (१९७२) उभा आहे, आणि दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मधील कावाखाना याच टापूतला आहे. कावा म्हणजे कॉफी. एका वस्तीचे नाव पेयावरून पडते, त्या वस्तीत बंदरावर आणि गिरण्यांत राबणारी, भंगार-चिंध्या वेचून गुजराण करणारी माणसे राहतात, आणि मराठीतील एक श्रेष्ठ आत्मकथन तेथून सुरू होते. एवढा ऐवज ज्या ठिकाणी आहे तेथे कोणतीही खाद्यभ्रमंती थांबत नाही. तेथे 'खाण्यासारखे' काही नाही, हे त्याचे सरळ उत्तर आहे.

पण भूक हा अन्नाचाच विषय नव्हे काय? 'गोलपिठा'तील शहर हे भुकेच्या अंगाने पाहिलेले शहर आहे. ते रूढ मार्गपत्रिकेशेजारी ठेवून वाचले तर दोन्ही संहिता एकाच रस्त्यांविषयी बोलतात, आणि तरी एकमेकींना ओळखत नाहीत, असे दिसते. मराठीतील खाद्यलेखनाची मुख्य धारा यापेक्षा वेगळी नाही. पु. ल. देशपांडे यांचा 'माझे खाद्यजीवन' हा लेख आपण सारे आवडीने वाचतो, शिकवतो. त्याची गोडी मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, त्यातील रसिक हा पोट भरलेला रसिक आहे आणि मराठी चवीचा नकाशा म्हणून त्याच्याच चवीचा नकाशा बराच काळ प्रमाण मानला गेला. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (२०१५) या ग्रंथात मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. वाळवलेल्या मांसाच्या चान्यांपासून रानभाज्यांपर्यंतचे ते तपशील वाचल्यावर 'पारंपरिक मराठी जेवण' हा शब्दप्रयोग सहजपणे करता येत नाही. या ग्रंथाच्या शीर्षकातील एका 'अ'ने जे केले, ते खाद्यभ्रमंतीच्या आखणीत अद्याप कोणी केलेले नाही, असे मला वाटते.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. गोलपिठ्यात वीस-बावीस विद्यार्थी घेऊन जाणे म्हणजे तेथील स्त्रियांना आणि त्यांच्या दारिद्र्याला प्रदर्शनवस्तू करणे होईल, असा आक्षेप विभागात घेतला गेला. तो रास्त होता. मात्र गल्लीत घोळक्याने उभे राहून, न विचारता छायाचित्रे काढत निहारी खाणेही काही प्रमाणात तेच असते. त्याबाबत हा आक्षेप कोणी घेतला नाही, याची नोंद करणे आवश्यक वाटते.

पंगतीचा प्रश्न

सहलीपूर्वी एका पालकांचा दूरध्वनी आला. "पोरांना कुठं जेवू घालणार?" एवढाच त्यांचा प्रश्न. त्याचा अर्थ आपल्यापैकी कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. एका विद्यार्थ्याने तर आधीच विनंती केली की तो जे खाईल ते घरी कळू नये. आपल्या भागात कोणाच्या ओट्यावर चहा घ्यायचा आणि कोणाच्या घरात जेवायचे याचे नियम मुले शाळेत जाण्यापूर्वीच शिकतात. खाद्यभ्रमंतीचे शैक्षणिक मोल, असलेच तर, या ठिकाणी आहे.

मुंबईने या प्रश्नाला काही उत्तरे दिली. ज्ञातीनिहाय खानावळींच्या काळात इराणी हॉटेलांच्या संगमरवरी टेबलांवर, बऱ्याच अंशी, जातगोत न विचारता चहा-पाव मिळू लागला. बोहरा कुटुंबांत एका मोठ्या थाळाभोवती सर्वांनी बसून, चिमूटभर मीठ चाखून जेवणास आरंभ करण्याची रीत आहे. हा थाळ दुकानात मिळत नाही. तो पाहायचा तर कोणाचे तरी आमंत्रण लागते. विकतचा घास आणि आमंत्रणाचा घास यांतला फरक विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष ताटावर समजला असता, पण तशी ओळख काढण्यास आम्ही उशीर केला. शिवाय या मोहल्ल्याचे रूपही बदलत आहे. सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने २००९ पासून हाती घेतलेल्या पुनर्विकासात साडेसोळा एकरांवरील सुमारे २५० जुन्या इमारतींचा समावेश आहे. अशा प्रकल्पात दुकानास नवा गाळा देता येतो. ज्या ओट्यावर ते ओसंडत असे, तो ओटा इमारतीबरोबर जातो. वरून, २००२ मध्ये खुल्या झालेल्या सुमारे अडीच किलोमीटरच्या जे. जे. उड्डाणपुलावरून, जाणाऱ्यास यातले काहीच दिसत नाही.

फेरआखणी

पुढील सहलीसाठी विभागाने मार्ग पुन्हा लिहिला. तुकड्या प्रत्येकी दहांच्या केल्या, कारण त्याहून अधिक माणसे या गल्ल्यांतील दुकानासमोर उभी राहिली की रोजचे गिऱ्हाईक बाजूला पडते. खाण्याचे थांबे सातवरून चारवर आणले. रमजानची रात्र वगळून साधी सकाळ धरली, बारा हंडीपासून. शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी 'वेगळी सोय' करण्याऐवजी प्रत्येक थांब्यावर सर्वांना घेता येईल असे काहीतरी असावे, असा नियम केला. विद्यार्थिनींसाठी स्वच्छतागृह कोठे आहे याची नोंद मार्गपत्रिकेच्या पहिल्या ओळीत घेतली. मागील खेपेस ती कोठेच नव्हती आणि त्याचा त्रास झाला. गोलपिठा आणि कावाखाना यांचे वाचन नळ बाजारापाशी उभे राहून करायचे आणि पुढे घोळक्याने जायचे नाही, असे ठरले. हा तोडगा मला पूर्ण समाधानकारक वाटत नाही.

शेवटचा थांबा गिरगावात हलवला. तेथील लोहाणा निवासात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला आणि त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, तो इतिहासही याच ठिकाणी सांगता येतो. बोहरी मोहल्ल्यापर्यंतच्या सर्व थांब्यांवर गल्ल्यावर आणि कढईपाशी आम्हाला पुरुषच दिसले होते. या विषमतेकडे लक्ष वेधण्यास दुसरी सोयीची जागा मार्गावर नाही.

यावर विभागातील एका सहकाऱ्यांनी विचारले, "तिथं खायला काय मिळणार?" लोहाणा निवासासमोर खायला काही मिळत नाही. मार्गपत्रिकेत त्या थांब्यास वीस मिनिटे दिलेली आहेत.