फिलर निवडणारं सॉफ्टवेअर: निगमन आहे, हेतू कुठे आहे?

तत्त्वज्ञानाचा मास्तर वेल्डिंगवर काय बोलणार, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. रॉड कसा चालवायचा हे मला येत नाही, आणि त्यावर मी बोलणारही नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. फिलर निवडून देणारी तीन-चार टूल्स त्यानं मला दाखवली, मी ती वापरून पाहिली. आज त्यांची समीक्षा करायची आहे, पुस्तकाची करतो तशी.

दोन धातू जोडताना मध्ये जो धातू वितळवून भरतात तो फिलर. टूलमध्ये बहुधा दोन खिडक्या असतात. एकीत पहिला धातू निवडायचा, दुसरीत दुसरा. बटण दाबलं की उत्तर. समजा दुधाची टाकी आहे, एसएस 304 ची, आणि तिला एमएसचे पाय जोडायचेत. उत्तर येतं: 309एल.

उत्तर बरोबर आहे. अडचण पुढे आहे.

आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचे दोन प्रकार सांगितलेत, हे तुम्हाला आठवत असेल. स्वतःला कळण्यापुरतं ते स्वार्थानुमान. दुसऱ्याला पटवायचं असेल तर परार्थानुमान, आणि त्याला पाच अवयव लागतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे एवढं म्हणून भागत नाही. धूर दाखवावा लागतो, आणि धूर तिथे आग हा नियमही. हे सॉफ्टवेअर दुसऱ्याशी बोलतं, पण बोलतं ते स्वतःशी बोलल्यासारखं. निगमन तेवढं सांगतं. धूर दाखवत नाही.

मग 309एलचा हेतू काय? थोडा हिशेब करू, घाबरू नका. जोडात फक्त फिलर नसतो. बाजूचे दोन्ही धातू वितळून त्यात मिसळतात, त्याला डायल्यूशन म्हणतात. समजा ते 30 टक्के आहे, निम्मं टाकीचं, निम्मं पायाचं. 308एल रॉडमध्ये सुमारे 20 टक्के क्रोमियम असतं. त्याचे 70 टक्के म्हणजे 14. टाकीच्या 304 मध्ये 18 च्या आसपास, त्याचे 15 टक्के म्हणजे 2.7. एमएसकडून शून्य. बेरीज 16.7. म्हणजे स्टेनलेसच्या रॉडनं वेल्ड केलं, पण जोड पातळ झाला. निकेलही तसंच उतरतं. असा जोड मार्टेन्साइटच्या हद्दीजवळ जातो. मार्टेन्साइट कडक आणि ठिसूळ. आता 309एल घ्या. क्रोमियम 24, निकेल 13 च्या आसपास. त्याच हिशेबानं क्रोमियम 19.5 राहतं. जोड हद्दीपासून दूर राहतो, आणि त्यात थोडं फेराइट उरतं. ते थोडं फेराइट हवंच असतं, नाहीतर धातू थिजताना भेगा पडतात.

ही हद्द कुठे आहे हे अँटन शेफ्लर यांनी 1949 मध्ये एका आकृतीत मांडलं. आडव्या अक्षावर क्रोमियमचं बळ, उभ्यावर निकेलचं. पायाचा बिंदू काढा, टाकीचा काढा, फिलरचा काढा, रेघा मारा; डायल्यूशन वाढलं की जोडाचा बिंदू रेघेवरून कुठे सरकतो ते डोळ्यांनी दिसतं. पुढे सुधारणा झाल्या, डब्ल्यूआरसी-1992 ही त्यातली आज जास्त वापरातली. (जाता जाता, गिल्बर्ट राइल यांचं ‘द कॉन्सेप्ट ऑफ माइंड’ही 1949 चंच. ‘माहीत असणं’ आणि ‘करता येणं’ यांतला फरक त्यात आहे. नुसता योगायोग, पण मला गोड वाटतो.)

शेफ्लरच्या कागदात हेतू, उदाहरण, उपनय सगळं आहे. माणूस त्याच्याशी भांडू शकतो. सत्तरहून अधिक वर्षांनी आलेल्या दोन खिडक्यांशी भांडताच येत नाही. ही प्रगती कसली?

आणि भांडावं तर लागतंच. तेच दोन धातू घ्या, एसएस आणि एमएस. पण जोड दुधाच्या टाकीचा नाही, सतत तापणाऱ्या आणि थंड होणाऱ्या वाफेच्या लाइनचा आहे. स्टेनलेस तापल्यावर एमएसपेक्षा जास्त फुगतं, जोडावर रोज ताण येतो, शिवाय एमएसमधला कार्बन हळूहळू जोडाकडे सरकतो. तिथे जाणकार निकेलवर आधारलेला फिलर निवडतात. खिडक्यांत टाकलेली माहिती तीच, बरोबर उत्तर वेगळं. जे विचारलंच नाही त्यावर उत्तर अवलंबून होतं.

अ‍ॅल्युमिनियमचे तक्ते मात्र मला आवडले. 6061 साठी 4043 की 5356? चांगला तक्ता एकच नाव फेकत नाही. भेगा न पडणं, ताकद, लवचिकपणा, गंज, तापमान, अ‍ॅनोडायझिंगनंतरचा रंग, प्रत्येकाला वेगळी श्रेणी देतो. 4043 मध्ये सिलिकॉन, वेल्ड करायला सोपा. पण अ‍ॅनोडाइझ केलं की जोड काळपट दिसतो. 5356 मध्ये मॅग्नेशियम, रंग जुळतो; पण 65 अंशांच्या वर सतत तापणाऱ्या कामाला तो नको. म्हणजे ‘उत्तम कोणता’ हा प्रश्नच अर्धवट आहे, ‘कशासाठी उत्तम’ हे आधी सांगा, असं तो तक्ता विचारतो. ग्रीकांनी हेच जरा लांबण लावून सांगितलं. शेफ्लरच्या आकृतीवर बिंदू काढून दाखवणारी गणकंही आहेत, तीही याच जातीची.

आता शब्दप्रमाण. काही जण म्हणतील, सर, डॉक्टरच्या चिठ्ठीवर आपण हेतू विचारतो का? आप्तवचन म्हणून घेतो. ठीक. पण न्यायपरंपरेत आप्त कोण? ज्याला वस्तू प्रत्यक्ष माहीत आहे, आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. टूलनं तुमचा जोड पाहिलेला नाही. यातली बरीच टूल्स रॉड आणि वायर विकणाऱ्या कंपन्यांची असतात, उत्तरात साहजिकच त्यांच्याच मालाचं नाव येतं. खोटं सांगतात असं मी म्हणत नाही. आप्त म्हणायला एवढं पुरत नाही, इतकंच.

डॉक्टर निदान तपासतो तरी. 7018 चंच बघा. लो-हायड्रोजन रॉड, कोरडा ठेवावा लागतो, ओल धरली तर 260 अंशांच्या वर ओव्हनमध्ये पुन्हा भाजावा लागतो. टूल ‘7018’ म्हणतं. तुमच्याकडे ओव्हन आहे का, हे विचारत नाही. आपल्या पावसाळ्यात उघडं पडलेलं पाकीट वापरलं तर ओलीतलं हायड्रोजन जोडात जातं, आणि त्याची भेग काही वेळा दुसऱ्या दिवशी पडते, तपासणी आटोपल्यावर.

मोठ्या कारखान्यात वेल्डिंग इंजिनीअर असतो, तो टूल तपासून घेतो. छोट्या शेडमध्ये तो नसतो. म्हणजे ज्याला उत्तर तपासता येत नाही त्याच्याच हातात हे उत्तर विनाकारण, अक्षरशः कारणाविना, दिलं जातं. आणि टाकीखाली उभं राहून काम करतो तोही त्याच शेडमधला.

माझी मागणी दोन ओळींची आहे. 309एलच्या खाली छापा: डायल्यूशन इतकं धरलं आहे, त्याच्या वर गेलं तर हे उत्तर धरू नका. आणि: हा जोड तापणार असेल तर थांबा, आणखी तीन प्रश्न आहेत. हे लिहायला नवं तंत्र लागत नाही, ज्यांनी टूल बनवलं त्यांना हे सगळं माहीत आहे.

मागे कुणीतरी बराच वेळ हात वर करून बसलंय. विचारा.