तारप्याची धून, कीबोर्डचा हात

डहाणू-तलासरीकडे हळदीच्या रात्री मांडवात आता कीबोर्ड वाजतो. जोडीला ऑक्टोपॅडचे विजेवरचे ठोके, मोठाले स्पीकर आणि उशिरापर्यंत रंगलेला नाच. धून पुष्कळदा तारप्याची, म्हणजे इथल्या वारल्यांच्या फुंकवाद्याची. आदिवासी संगीत म्हटलं की महोत्सवाच्या मंचावर पाच मिनिटांसाठी उभा केलेला तारपावादक आठवतो. इथल्या पोरांचं चालू संगीत मात्र मांडवातलं आहे, आणि त्याची समीक्षा व्हायलाच हवी.

विजेवरचं वाद्य, मांडवातल्या या कीबोर्डसारखं, आधी दुसऱ्या वाद्याची बदली म्हणून येतं. इलेक्ट्रिक पियानोही तसाच आला. ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोत तारा नसतात. हातोडी पोलादी कांडीवर आपटते आणि शेजारचं पिकअप ते कंपन पकडतं. हलक्या बोटाखाली घंटेसारखा नाद, जोर दिला की गुरगुर. जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या ‘इन अ सायलेंट वे’ या अल्बममध्ये (१९६९) हर्बी हॅन्कॉक, चिक कोरिया आणि जो झाविनुल हे तिघेही विजेच्या पट्ट्यांवर आहेत, आणि पियानोची नक्कल कोणीच करत नाही. मला या काळातला सर्वांत मोलाचा अल्बम वाटतो तो डॉनी हॅथवेचा ‘लाइव्ह’ (१९७२). ‘द गेटो’ वाजताना त्याचा वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानो आणि श्रोत्यांच्या टाळ्या एकमेकांना पुढे रेटत नेतात.

हॅन्कॉकचा ‘हेड हंटर्स’ (१९७३) तर वारली मुलखाने मुद्दाम ऐकावा. ‘वॉटरमेलन मॅन’च्या सुरुवातीला बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकतो. ती रीत मध्य आफ्रिकेच्या जंगलातल्या बाबेंझेले लोकांची, एकाच स्वराच्या त्यांच्या फुंकवाद्याची. रानातली फुंकर आणि विजेचं वाद्य एकाच तबकडीवर आलं. ज्यांची फुंकर, त्यांना काय मिळालं, हा प्रश्नही त्याबरोबर आला.

तारप्यात भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधायला मेण. वादक गालात हवा धरून नाकाने श्वास घेत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. फेर त्याच्याभोवती फिरतो आणि तो पावलं बघून चाल बदलतो. कीबोर्डवर सुरांची ओळ बिनचूक येते, पण त्यामागचा श्वासाचा दाब येत नाही. मशीनचा रिदम एकदा लावून दिला की पावलांकडे बघायचं कारणही उरत नाही. शिवाय तारपा नव्या भातापासून दिवाळीपर्यंतचा. कीबोर्डने त्याची धून वैशाखातल्या लग्नात नेली, आणि तिचा हंगामच सुटला. हे नुकसान मला लहान वाटत नाही.

तरी तयारीचा कीबोर्डवादक चटकन ओळखू येतो. डावा हात पिच-बेंडच्या चाकावर ठेवून तो स्वर खालून ओढून घेतो, ताणून धरतो, सोडताना जरासा उतरवतो. ही लकब तारप्याची नव्हे, पियानोचीही नव्हे. ती त्या कीबोर्डवाल्याची स्वतःची असते. अशा जागा एका रात्रीत दोन-चारच मिळतात. बाकीचा वेळ ऑक्टोपॅडचा गोंगाट आणि ओढूनताणून लावलेला इको खाऊन टाकतो.

या संगीताला अल्बम नाही. ते पेनड्राइव्हवर आणि यूट्यूबवर फिरतं, बहुतेकदा बँडच्या नावाने. वाजवणाऱ्याचं नाव गळून जातं. तारपावादक आणि कीबोर्डवाला समोरासमोर बसवून, मशीनचा रिदम बंद ठेवून, मध्ये फेर धरणारी माणसं घेऊन अर्ध्या तासाचं एक ध्वनिमुद्रण कोणीतरी करावं, आणि त्यावर दोघांचीही नावं आणि गावं ठळक छापावीत.