फर्गस सूटरला पैसे का हवे होते?

‘द इंग्लिश गेम’ नेटफ्लिक्सवर आली २०२० च्या मार्चमध्ये. जगभरातले खरे सामने तेव्हा एकेक करून बंद पडत होते, त्यामुळे फुटबॉलच्या भुकेल्या लोकांनी ती अधाशासारखी पाहिली. भाग सहाच आहेत, एका रविवारी संपतात. लिहिणाऱ्यांमध्ये मुख्य नाव ‘डाउन्टन अ‍ॅबी’वाल्या ज्युलियन फेलोजचं. म्हणजे वाडे, झुंबरं, तलम कपडे आणि आतून भले असलेले सरदार-दरकदार यांची हमी. तशी ती आहेतच. पण या वेळी फेलोज वाड्यातून उतरून कापडगिरणीच्या आवारात आला आहे आणि मला बोलायचंय ते तिथे त्याची जी अडचण होते तिच्याविषयी.

गोष्ट अशी. १८७९ साली फुटबॉल हा इंग्लंडातल्या बड्या शाळांमधून शिकलेल्या साहेबांचा खेळ आहे. नियम त्यांचे, संघटना त्यांची, एफए कपही त्यांचा. खेळाडूने खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत असा दंडक. लँकेशायरमधल्या डार्वेन या गिरणीगावाचा संघ कपच्या शेवटच्या आठांत पोचतो. तिथल्या गिरणीमालकाने ग्लासगोहून दोन खेळाडू गुपचूप पैसे देऊन आणलेत, फर्गस सूटर आणि जिमी लव्ह. वरकरणी ते गिरणीत कामाला आहेत. (आपल्याकडे खेळाडू कोट्यातून लागलेला माणूस टेबलावर कितीसा दिसतो, ते आठवा.) समोर आहेत ओल्ड इटोनियन्स आणि त्यांचा लालदाढीवाला आर्थर किनेर्ड, बँकवाल्या घराण्यातला, पुढे लॉर्ड होणारा. सूटर आणि किनेर्ड ही दोन्ही माणसं खरी. सिरीज या दोघांना समोरासमोर उभं करते आणि सहा भागांत एकमेकांचा आदर करायला शिकवते.

पहिला भाग खरंच चांगला आहे. साहेब लोक बॉल घेऊन सरळ घुसतात, बाकीचे मागून गर्दी करून धावतात. जो जास्त दणकट, त्याची सरशी. गिरणीतल्या अर्धपोटी पोरांना हे झेपणारं नाही. सूटर त्यांना सांगतो की पांगा, बॉल एकमेकांना द्या. स्कॉटलंडमध्ये रुजलेला पासिंगचा खेळ तो हाच. तंत्राचा हा बदल म्हणजे कमी ताकदीच्या माणसांनी शोधलेली युक्ती होती, हे कुठलंही भाषण न देता मैदानावर दिसतं. केव्हिन गथ्री सूटरचं काम करताना बोलतो कमी, बघतो जास्त.

त्या सामन्याची खरी हकिकत सिरीजपेक्षाही कडवट आहे. १३ फेब्रुवारी १८७९, लंडनचं केनिंग्टन ओव्हल. इटोनियन्स ५-१ ने पुढे. मग डार्वेनने एकामागोमाग चार गोल करून ५-५ केलं. जादा वेळ खेळायला साहेबांनी नकार दिला. सामना पुन्हा, आणि पुन्हा लंडनलाच. तो २-२. तिसऱ्यांदा परत लंडन, आणि तिथे डार्वेन ६-२ ने हरलं. लँकेशायरहून लंडनला तीन फेऱ्या! गावाने वर्गणी काढून भाड्याची सोय केली. पण भाडं निघालं तरी बुडालेल्या कामाचं काय? विणकराची मजुरी नगावर असे. ब्लॅकबर्नमध्ये तर १८५३ पासून कुठल्या कापडाला किती, याचं ठरलेलं दरपत्रकच होतं. माग बंद तर मजुरी बंद. बँकरच्या पोराने दिवसभर ओव्हलवर काढला तरी त्याच्या बँकेतलं व्याज वाढायचं थांबत नाही. ‘खेळ फक्त आनंदासाठी खेळावा’ या उदात्त वाक्याचा हिशेब इतका साधा आहे. सिरीजमध्ये तो मांडणारं एखादं वाक्य येतं आणि जातं. तीन फेऱ्यांची दमछाक मात्र तिला नकोशी वाटली असावी, पडद्यावर ती येतच नाही.

आता मूळ मुद्दा. सूटरला पैसे का हवे होते?

सिरीजचं उत्तर: ग्लासगोत बाप दारुडा आहे, आईला मारतो, बहिणी लहान आहेत, त्यांना तिथून सोडवायचंय. म्हणून तो डार्वेन सोडून जास्त पैसे देणाऱ्या ब्लॅकबर्नकडे जातो. गाव त्याला गद्दार म्हणतं, आपण मात्र त्याच्या आईचा सुजलेला चेहरा पाहिलेला असतो, म्हणून आपण त्याला माफ करतो.

मला इथेच खटकलं. माफ कशाबद्दल करायचं? माणसाने चांगलं काम केलं आणि त्याचा दाम मागितला, तर त्यासाठी मार खाणारी आई दाखवावी लागते? सिरीज तोंडाने म्हणते की खेळाडूला पगार मिळायला हवा. पण तिच्या नायकाने केवळ स्वतःसाठी, चांगलं राहावं-खावं म्हणून पैसे मागितले, तर प्रेक्षक दुरावतील अशी तिला भीती आहे. पैशाची इच्छा ही अजूनही किंचित लाजिरवाणी गोष्ट आहे, दुःखाचा दाखला जोडला तरच चालेल, असं ती मानते. हे तर इटोनियन्सचंच मत झालं! सिरीज त्यांना मैदानात हरवते आणि पटकथेत जिंकू देते.

खरा सूटर यापेक्षा मजेशीर होता. तो दगड घडवणारा पाथरवट. लँकेशायरला आला आणि काही दिवसांत त्याने ते काम सोडलं. कारण त्याने स्वतःच सांगितलं: इंग्लंडचा दगड फार कठीण आहे, हात सुजतात. बस्स! या कारणावर मी मनापासून हसलो. यात खोडसाळपणा आहे, जगण्यातली हुशारी आहे, आणि आपल्या पायांची किंमत आपल्या हातांपेक्षा जास्त आहे हे ओळखलेल्या माणसाचा आत्मविश्वास आहे. असा नायक मला चालला असता. सिरीजने त्याला गिरणीत घातला, आदर्श मुलगा केला आणि दगडाची गोष्ट गाळली.

जिमी लव्हचंही तसंच. पडद्यावर तो सूटरचा जिवलग, त्याच्या वाट्याला दुखापत, प्रेम, लग्न. प्रत्यक्षातला लव्ह सैन्यात गेला आणि १८८२ साली इजिप्तमध्ये वारला. ब्रिटिशांनी तिथे चढवलेल्या मोहिमेचं ते वर्ष. फुटबॉलने वर काढलेला मजूर आणि साम्राज्याच्या फौजेत भरती झालेला मजूर ही एकाच आगगाडीतून उतरलेल्या दोन दोस्तांची गोष्ट आहे. ती फेलोजला दिसली नाही, किंवा दिसून नको वाटली.

संपाचं तर फारच वाईट केलं आहे. १८७८ च्या वसंतात लँकेशायरच्या मालकांनी मजुरीत दहा टक्के कपात जाहीर केली. ब्लॅकबर्न आणि आसपासच्या गिरण्या थांबल्या. कामगारांचं म्हणणं शहाणपणाचं होतं: माल जास्त झालाय म्हणून भाव पडलेत, तर कामाचे तास कमी करा, उत्पादन घटवा. मालकांनी ऐकलं नाही. मे महिन्यात दंगल झाली, मालकांचा पुढारी कर्नल जॅक्सन याचं घर जमावाने जाळलं. सिरीजमध्ये कपात आहे, जमाव आहे, आग आहे. नाही तो कामगारांचा युक्तिवाद. त्यांच्या वाट्याला राग आला आणि डोकं मालक-बँकरांच्या बैठकींना मिळालं. बायकांचं तर विचारूच नका. लँकेशायरच्या मागांवर पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या, आणि त्या दरपत्रकामुळे नगाला मजुरी दोघांना सारखीच. त्या काळात ही किती मोठी गोष्ट! पडद्यावर बायका आहेत त्या गर्भपाताच्या दुःखात, कुमारी मातांच्या आश्रमात, नाहीतर दारात वाट बघत. मागापाशी उभी राहून आपलं मत मांडणारी एकही लक्षात राहत नाही.

आणि हो, ते कापड कुणासाठी विणलं जात होतं? ब्लॅकबर्नची खासियत होती हिंदुस्थानच्या बाजारासाठीचं साधं कापड, त्यात आपली धोतरं. १८७६ ते ७८ दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. सोलापूर, नगर, पुणे, सातारा या भागांत माणसं गावं सोडून चालली होती. दुष्काळात कुणी नवी धोतरजोडी घेत नाही. मालकांनी ज्या मंदीकडे बोट दाखवून मजुरी कापली, तिचा एक धागा इथपर्यंत येतो. त्याच वर्षांत हेच गिरणीमालक हिंदुस्थानातल्या आयात कापडावरची जकात काढा म्हणून सरकारच्या मागे लागले होते. १८८२ मध्ये ती पूर्ण गेली आणि मुंबईच्या गिरणीवाल्यांनी कपाळाला हात लावला. गांधीजींचा तो फोटो तुमच्या फोनवर कधी ना कधी आलाच असेल: पंचातले गांधी आणि भोवती हात उंचावून हसणाऱ्या इंग्रज गिरणी कामगार बायका. तो १९३१ सालचा, याच डार्वेनमधला. सहा भागांच्या सिरीजमध्ये हिंदुस्थानवर एखादा प्रसंग हवा होता असा माझा आग्रह नाही. पण कापसाच्या गाठी आणि कापडाचे तागे इतक्या वेळा कॅमेऱ्यासमोरून जातात, ते येतात कुठून आणि जातात कुठे हा प्रश्न एकाही पात्राला पडू नये?

पण या सगळ्यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळीच आहे. सिरीजमधला जिंकणारा संघ नुसता ‘ब्लॅकबर्न’ आहे. खऱ्या ब्लॅकबर्नमध्ये क्लब दोन होते. रोव्हर्स हा सुस्थितीतला, वजनदार लोकांचा. सूटर १८८० मध्ये गेला तो तिकडे. १८८२ ची अंतिम लढत तो रोव्हर्सकडून खेळला आणि इटोनियन्सकडून १-० ने हरला. जिंकल्यावर किनेर्ड ओव्हलच्या पॅव्हिलियनसमोर डोक्यावर उभा राहिला होता म्हणतात. दुसऱ्या वर्षी, ३१ मार्च १८८३ ला, त्याच मैदानावर त्याच इटोनियन्सना २-१ ने हरवलं ते ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने. त्या संघात विणकर होते, एक सूतकातणारा होता, एक नळकाम करणारा, एक लोखंडाच्या कारखान्यातला. जादा वेळेतला निर्णायक गोल जिमी कॉस्टली या सूतकातणाऱ्याचा. सामन्याआधी ओतकारखान्याच्या मालकाने दिलेल्या पैशांवर संघ काही दिवस ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर राहून सराव करून आला होता. त्या काळाच्या मानाने हे नवलच.

त्या संघात सूटर नव्हता. मग फेलोजने काय केलं? दोन क्लब एकत्र कालवले, ऑलिम्पिकचा विजय सूटरच्या संघाला दिला आणि ऑलिम्पिकचं नाव पुसलं. कथेसाठी तपशील बदलावे लागतात, मान्य. तारखा सरकवा, तीनचे सामने दोन करा, माझी हरकत नाही. पण ‘कष्टकऱ्यांनी पहिल्यांदा कप जिंकला’ ही गोष्ट सांगायला बसायचं आणि ज्या कष्टकऱ्यांनी तो जिंकला त्यांचंच नाव घ्यायचं नाही, यात बदल नेमका कुणाच्या सोयीचा आहे? एका नायकाच्या. अकरा जणांचं श्रेय गोळा करून एकाच्या डोक्यावर ठेवल्याशिवाय या शैलीला गोष्टच सांगता येत नाही, आणि तेही पासिंगच्या खेळाच्या गोष्टीत!

शेवटचा भाग एफएच्या बैठकीभोवती फिरतो. किनेर्डचं हृदयपरिवर्तन झालंय, तो आपल्या लोकांना समजावतो, आणि दार उघडतं. प्रत्यक्षात दार धडक मारून उघडलं. १८८४ च्या जानेवारीत प्रेस्टन नॉर्थ एंडविरुद्ध तक्रार झाली. त्यांचा कर्ताधर्ता विल्यम सडेल याने पैसे देतो असं उघड कबूल केलं आणि संघ कपमधून बाद झाला. ऑक्टोबरात उत्तरेकडच्या तीसहून जास्त क्लबांनी वेगळी संघटना काढण्याची तयारी केली. एफएला आपली दुकानदारी मोडताना दिसली आणि २० जुलै १८८५ ला व्यावसायिक खेळाडूंना मान्यता मिळाली. या सडेलवर सिरीज काढायला हवी होती. तो गिरणीचा व्यवस्थापक. क्लबसाठी त्याने गिरणीच्याच पैशाला हात लावला आणि १८९५ साली तो तुरुंगात गेला. सिरीजमधला प्रेमळ, पडेल ते सोसणारा मालक त्याच्यापुढे अगदी पुचाट वाटतो.

एवढं सगळं बोलूनही मी ती दोनदा पाहिली, हे सांगायला हवं. चिखलातले सामने बघायला मजा येते. गावाचा बँड आणि स्टेशनवरची गर्दी खरी वाटते. किनेर्ड झालेला एडवर्ड होलक्रॉफ्ट अवघडलेल्या साहेबाचं काम छान करतो. दोस्तांबरोबर पाहायला हरकत नाही.

ऑलिम्पिकचं पुढे काय झालं तेही सांगतो. पैसे देणं कायदेशीर झालं आणि ज्यांच्याकडे पैसे होते ते क्लब वाढले. सूटरच्या रोव्हर्सने १८८४, ८५ आणि ८६ असे ओळीने तीन कप घेतले. १८८८ मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली, तिच्यात ब्लॅकबर्नमधून रोव्हर्सला घेतलं. ऑलिम्पिकला आता खेळाडूंचे पगार परवडेनात. १८८९ मध्ये क्लब बंद झाला. कप जिंकून तेव्हा सहा वर्षं झाली होती.