विहारातील ग्रंथालय आणि धम्माची भाषा

बौद्धांनी काय वाचावे याची एक फार जुनी यादी दगडावर कोरलेली आहे. राजस्थानातील बैराट येथे १८४० साली सापडलेला व आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत असलेला सम्राट अशोकाचा लेख अभ्यासकांना 'भाब्रू लेख' म्हणून परिचित आहे. त्यात अशोक संघाला अभिवादन करतो, बुद्ध, धम्म व संघ यांवरील आपली श्रद्धा प्रकट करतो आणि तथागतांचे सर्वच वचन सुभाषित असल्याचे मान्य करूनही सद्धम्म चिरकाल टिकावा म्हणून सात धम्मपर्यायांची नावे सांगतो. भिक्षू, भिक्षुणी, उपासक आणि उपासिका या सर्वांनी ते वारंवार ऐकावेत व त्यांवर मनन करावे, अशी त्याची इच्छा आहे. उपासिकेचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे, हे आमच्या वाचकांच्या ध्यानात येईलच. आम्हांस येथे त्या लेखाच्या अक्षरांकडे लक्ष वेधावयाचे आहे. त्या लेखात 'राजा' हा शब्द 'लाजा' असा येतो आणि पालीतील 'राहुलोवाद' हा 'लाघुलोवाद' होतो. म्हणजे ज्या राजाने धम्मग्रंथांची यादी केली त्याच्या तोंडची भाषा आणि आज आपण ज्या पालीत तिपिटक वाचतो ती भाषा यांत अंतर आहे. ग्रंथांची ओळख पटवावयाची तर आधी ध्वनींची ओळख पटवावी लागते. ते काम मराठीत लिहिणाऱ्या एका अभ्यासकाने केले. धर्मानंद कोसंबी यांनी या सातांचा तिपिटकात शोध घेऊन त्यांपैकी तीन सुत्तनिपातात असल्याचे दाखविले : मुनिसुत्त, नालकसुत्त आणि सारिपुत्तसुत्त.

भाषा, संस्कृती आणि धर्म या विषयांवर विहाराच्या ग्रंथालयात कोणते ग्रंथ असावेत, याचा विचार आम्ही या लेखापासून सुरू करतो, त्याला कारण आहे. आमच्या विहारांतील कपाटे दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर होणाऱ्या ग्रंथविक्रीतून भरली गेली आहेत. ही गोष्ट अभिमानाची आहे. पोटाला चिमटा घेऊन पुस्तके विकत घेणारा दुसरा समाज महाराष्ट्रात शोधावाच लागेल. तथापि त्या कपाटांत चरित्रे असतात, भाषणे असतात, वंदनेच्या पुस्तिका असतात आणि भाषेचा खण बहुधा रिकामा असतो. शब्दकोश, व्याकरण व शिलालेखांचे संग्रह हे विद्यापीठातील पंडितांचे साहित्य, अशी समजूत रूढ झाली आहे. ही समजूत आम्हांस घातक वाटते, कारण ती बाबासाहेबांच्याच ग्रंथाच्या रचनेशी विसंगत आहे.

'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. परंतु १९५१ साली खासगी वितरणासाठी त्याच्या थोड्या प्रती छापल्या गेल्या तेव्हा त्याचे नाव 'द बुद्ध अँड हिज गॉस्पेल' असे होते. 'गॉस्पेल' हा ख्रिस्ती परंपरेतील शब्द. इंग्रजी वाचकाला तो सहज समजला असता. तो काढून त्या जागी ज्याला इंग्रजीत प्रतिशब्दच नाही असा 'धम्म' हा शब्द त्यांनी बसविला. ग्रंथाच्या चौथ्या खंडात 'रिलिजन' आणि 'धम्म' यांतील भेदाची चर्चा आहेच. शिवाय शब्दांचे साम्य मूलभूत भेद कसा झाकून टाकते, हे दाखविण्यासाठी एक संपूर्ण भाग खर्ची घातला आहे. पुनर्जन्म, कम्म, अहिंसा हे शब्द ब्राह्मणी परंपरेत आहेत आणि बौद्ध परंपरेतही आहेत. शब्द एक असला म्हणून आशय एक नव्हे, असा तेथील युक्तिवाद आहे. हा भाग ज्याने काळजीपूर्वक वाचला त्याला 'शब्दाच्या मागे कशाला लागायचे, भावना महत्त्वाची' असे म्हणता येणार नाही.

याच ग्रंथावर १९५९ साली 'महाबोधी' या नियतकालिकात एक परीक्षण आले. हा बुद्धाचा धम्म नसून आंबेडकरांचा धम्म आहे, असा त्याचा रोख होता. या आक्षेपाला आमच्याकडे बहुधा संतापाने उत्तर दिले गेले. संताप समजण्यासारखा आहे. पण तो पुरावा होत नाही. पुराव्याचे काम भदंत आनंद कौसल्यायन यांनी हाती घेतले. हिंदी अनुवाद करताना त्यांनी ग्रंथातील वचनांची मूळ स्थाने शोधून दिली. पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत अकराव्या खंडाला जोडून पाली व अन्य आधारांचा पुरवणी खंड १९९५ साली निघाला. आमच्या मते मूळ ग्रंथाची दुसरी प्रत घेण्याऐवजी विहाराने हा पुरवणी खंड घ्यावा. तो शेजारी ठेवून वाचले म्हणजे बाबासाहेबांनी कोठे सुत्ताला धरून लिहिले, कोठे संक्षेप केला, कोठे दोन सुत्ते जोडली आणि कोठे स्वतःचा निष्कर्ष मांडला, हे वाचकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. निवड करणे हा त्यांचा अधिकार होता आणि ती निवड समजून घेणे हे आमचे काम आहे.

ग्रंथमालेचा सोळावा खंड १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाबासाहेबांनी तयार केलेले पाली व्याकरण, पाली शब्दकोश आणि 'बौद्ध पूजापाठ' हे एकत्र आहेत. कोशाच्या एका भागात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजी, मराठी, हिंदी व गुजराती अशा चार भाषांत दिले आहेत. घटना समितीचे काम, मंत्रिपद, आजारपण या साऱ्यांतून वेळ काढून हा मनुष्य शब्दांच्या याद्या करीत बसला होता, हेच आम्हांस पुष्कळ बोलके वाटते. मात्र हा खंड प्रारंभिक अभ्यासकाच्या हाती द्यावा असे आम्ही म्हणणार नाही. ती एका विद्वानाची सामग्री आहे, क्रमिक पुस्तक नव्हे. प्रारंभासाठी चिं. वि. जोशी यांचे 'मॅन्युअल ऑफ पाली' अधिक सुलभ आहे. चिमणरावांचे जनक म्हणून मराठी वाचक ज्यांना ओळखतो तेच हे गृहस्थ. त्यांनी बडोद्यात पालीचे अध्यापन केले, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

कोसंबींच्या 'भगवान बुद्ध' (१९४०-४१) या ग्रंथाविषयी मात्र थोडे अधिक लिहिले पाहिजे. तिपिटकातील जुने कोणते, नंतरचे कोणते, याचा विवेक ठेवून बुद्धचरित्राची मांडणी करणारा मराठीत इतका निर्भय ग्रंथ दुसरा नाही. वृद्ध, रोगी, प्रेत व परिव्राजक पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही कथा त्यांनी बाजूला सारली आणि सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताकडे बोट दाखविले, जेथे शस्त्रधारण व आपसांतील कलह यांमुळे उपजलेल्या संवेगाचे वर्णन आहे. बाबासाहेबांनीही ती कथा नाकारली व शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरील तंट्याला केंद्रस्थान दिले. दोघांच्या वाटा वेगळ्या असल्या तरी दोघेही चमत्काराकडून सामाजिक कारणाकडे आले. आमची तक्रार आहे ती कोसंबींच्या भाषेविषयी. त्यांची मराठी स्वच्छ आहे, परंतु १९१० सालच्या 'बुद्ध, धर्म आणि संघ' या पुस्तकापासून त्यांच्या लेखनात 'धर्म' हेच संस्कृत रूप नांदते. त्या काळच्या वाचकासाठी ते सोयीचे होते, हे खरे. परंतु त्या सोयीची किंमत अशी की, गीतेतला 'धर्म' आणि बुद्धाचा 'धर्म' एकाच शब्दात राहू लागले. १९५६ नंतर मराठीत 'धम्म' हा शब्द खेड्यापाड्यांत बोलला जाऊ लागला. कोणत्याही कोशकाराने न घडविलेला हा बदल लोकांनी घडविला.

शब्दांत झालेला पराभवही कोशात नोंदलेला असतो. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' हा शब्द सर्व पंथांसाठी आदराने वापरला आहे. अशोक त्या सर्वांचा सन्मान करतो. तोच शब्द संस्कृत ग्रंथांत 'पाषंड' होऊन वेदबाह्यांची निंदा करू लागला आणि मराठीत 'पाखंडी' ही शिवी झाली. 'देवानंप्रिय' हे त्या राजाचे बिरुद. संस्कृत व्याकरणकारांनी 'देवानांप्रिय' या समासाचा अर्थ 'मूर्ख' असा सांगितला. 'थेर' म्हणजे स्थविर, संघातील वयोवृद्ध व ज्ञानवृद्ध भिक्षू. मराठीत उरला तो 'थेरडा'. यांतील प्रत्येक बदल कोणी हेतुपुरस्सर घडवून आणला असे आम्ही म्हणत नाही. भाषेत तिरस्कार कधी जाणूनबुजून शिरतो, कधी नुसता साचत जातो. परंतु मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' हे तीन ग्रंथ संग्रही नसतील तर हा इतिहास तरुणांना दाखवायचा कशाने? या कोशांवरही डोळे मिटून विसंबू नये. मधला प्राकृत टप्पा ओलांडून एकदम संस्कृत मूळ दाखविण्याकडे मराठी व्युत्पत्तीची सवय झुकलेली आहे. त्यावर उतारा म्हणून झ्यूल ब्लोक यांचा, वा. गो. परांजपे यांनी १९४१ साली 'मराठी भाषेचा विकास' या नावाने मराठीत आणलेला ग्रंथ जवळ असावा. तो कठीण आहे, पण त्यात मराठीची प्राकृत जडणघडण पायरीपायरीने पाहता येते.

आता लेण्यांकडे वळू. 'लेणे' हा शब्दच बौद्ध शिलालेखांतील 'लेण' आहे. पालीत 'लेण' म्हणजे आसरा, आश्रयस्थान. संयुत्तनिकायात तर निब्बाणाच्या पर्यायांत तो येतो. नाशिकच्या लेण्यांना लोक 'पांडवलेणी' म्हणतात. त्या नावातील 'पांडव' नंतर चिकटलेला आहे, 'लेणी' मात्र मूळची आहे. तेथील शिलालेखांत डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे आहे, ज्याला आज आपण त्रिरश्मी म्हणतो. तेथेच नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २००० काहापण, दरमहा शेकडा १ या व्याजाने, कायम ठेवीदाखल ठेवले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. वर्षाचे व्याज २४० होते आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ काहापण मिळतात. हिशेब पूर्ण जुळतो. धम्म, कारागिरांची पत, वस्त्रोद्योग आणि प्राकृत भाषा या साऱ्यांचे नाते एवढ्या थोड्या ओळींत सांगणारे दुसरे पाठ्यपुस्तक आम्हांस ठाऊक नाही. कान्हेरीसाठी शोभना गोखले यांचा 'कान्हेरी इन्स्क्रिप्शन्स' (१९९१) हा डेक्कन कॉलेजचा ग्रंथ घ्यावा. त्यांत कल्याणच्या सोनाराने दिलेली पाण्याची 'पोढी' आहे, दान देणाऱ्या भिक्षुणी आहेत. ग्रंथ इंग्रजीत व विद्वानांसाठी असल्याने एखाद्या अभ्यासकाने तो मंडळाला समजावून सांगितला तरच त्याचा उपयोग होईल. नुसता कपाटात ठेवून होणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, पाली आणि प्राकृत यांना एकाच दिवशी अभिजात भाषांचा दर्जा दिला. त्याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु त्यातून पालीला देवघरात बसविण्याची वृत्ती बळावू नये, असे वाटते. विनयपिटकातील चुल्लवग्गात ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्षू तथागतांकडे तक्रार करतात : नाना कुळांतून आलेले भिक्षू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवितात, तेव्हा आम्ही ते छंदसात घालतो. तथागत त्यांना फटकारतात आणि 'सकाय निरुत्तिया', म्हणजे आपल्या भाषेत, बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा देतात. या 'आपल्या'वर विद्वानांत वाद आहे. आचार्य बुद्धघोषांच्या मते ती स्वतः बुद्धांची मागधी भाषा. ऱ्हीस डेव्हिड्स व ओल्डेनबर्ग यांच्या मते शिकणाऱ्या भिक्षूची स्वतःची बोली. आमचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे, कारण प्रसंगाचा सारा रोख एका प्रतिष्ठित भाषेच्या मक्तेदारीविरुद्ध आहे. मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्तही तेच सुचविते. तेथे एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत कोठे 'पाती', कोठे 'पत्त', कोठे 'सराव' म्हणतात, असे सांगून आपल्याच शब्दाचा हट्ट धरून भांडू नये असा उपदेश आहे. पाली शिकावी ती मूळ पडताळून पाहण्यासाठी. अर्थ न कळता तिचे पठण करीत राहणे म्हणजे ज्या दोन भिक्षूंना तथागतांनी फटकारले त्यांच्या बाजूला जाऊन बसणे होय.

ज्या विहाराकडे पैसा थोडा आहे त्याने काय करावे, असे आम्हांस विचारले जाते. प्रा. पु. वि. बापट यांनी संपादित केलेला '२५०० इयर्स ऑफ बुद्धिझम' (१९५६) संदर्भासाठी चांगला आहे, पण त्याला थांबता येईल. नालंदा येथून भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली निघालेले देवनागरी तिपिटक ४१ खंडांचे आहे. तेही सारे एकदम घेण्याची गरज नाही. सुत्तनिपाताचा देवनागरी पाली पाठ, कोसंबींचा मराठी अनुवाद आणि एक पाली शब्दकोश एवढे तीन ग्रंथ प्रथम घ्यावेत. अशोकाच्या यादीतील तीन सुत्ते त्यांत आपोआप येतात. सारिपुत्तसुत्त अट्ठकवग्गाच्या शेवटी आहे आणि अत्तदण्डसुत्त त्याच्या अगोदरचे. त्या वग्गात एकूण १६ सुत्ते आहेत, बहुतेक लहान. आषाढी ते आश्विनी पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात एकाने पाली वाचावे, एकाने मराठी वाचावे आणि तिसऱ्याने कोश उघडून बसावे.