ग्रुपवर साहेब असताना: ऑफिसातला सोशल मीडिया आणि ‘कामचलाऊ’ विश्वास

पीएचडीला लागण्याआधी मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये होतो. आमचा चाळीसेक जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. एकदा सेकंड शिफ्टला एक हायड्रॉलिक प्रेस सारखी थांबायला लागली. प्रेशर पडत होतं, कारण सापडेना. ग्रुपवर फोटो टाकून विचारलं. मेसेज बहुतेकांनी वाचला हे दिसत होतं, पण उत्तर एकाचंही नाही. मात्र दहा मिनिटांत तीन जणांचे वेगवेगळे फोन आले. ‘अरे, सक्शन फिल्टर बघ आधी, चोक झाला असेल,’ असं एका जुन्या फिटरकाकांनी सांगितलं आणि तेच निघालं. दुसऱ्या दिवशी मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘एवढंही ग्रुपवर विचारावं लागतं का?’ त्यानंतर मी तिथे प्रश्न टाकला नाही.

हा किस्सा आठवला तो माझ्या विषयातले दोन गाजलेले पेपर पुन्हा वाचताना. पहिला पॉल लिओनार्डी यांचा, 2015 सालचा, ‘एमआयएस क्वार्टर्ली’ मधला. एका मोठ्या वित्तीय कंपनीतल्या दोन गटांपैकी एकाने सहा महिने कंपनीचं अंतर्गत सोशल नेटवर्क वापरलं, दुसऱ्याने नाही. वापरणाऱ्या गटात ‘कुणाला काय येतं’ याचा अंदाज 31 टक्क्यांनी आणि ‘कोण कुणाला ओळखतं’ याचा अंदाज 88 टक्क्यांनी जास्त अचूक झाला. दुसऱ्या गटात सुधारणा नाही. गंमत म्हणजे यासाठी कुणाशी थेट बोलावं लागत नाही. इतरांचं बोलणं नुसतं नजरेखालून जात राहिलं तरी डोक्यात एक नकाशा तयार होतो.

पेपर चांगला आहे, यात वाद नाही. ‘सोशल मीडियामुळे सहकार्य वाढतं’ अशी मोघम विधानं करणाऱ्या ढीगभर लेखनात इथे निदान काहीतरी नेमकं मोजलंय, आणि तुलनेला दुसरा गटही आहे. माझी तक्रार पुढच्या उडीबद्दल आहे. फिल्टरचं कुणाला विचारायचं हे मला त्या रात्रीही माहीत होतं. नकाशा होता, रस्ता बंद होता. कुणाला काय येतं हे कळणं ही ज्ञान वाटून घेण्याची पूर्वअट झाली. लिओनार्डी स्वतः याबाबत सावध आहेत. पण त्यांचा आधार घेणारे पुष्कळ जण पूर्वअटीलाच फळ समजतात.

दुसरा पेपर या बंद रस्त्याकडे वळतो, म्हणून मला जास्त आवडतो. त्सेडाल नीली आणि लिओनार्डी यांचा, 2018 चा. त्यांचं म्हणणं असं: कामापलीकडच्या पोस्ट, म्हणजे सहल, कुत्रा, क्रिकेट वगैरे, पाहून लोकांना एकमेकांबद्दल कुतूहल वाटतं. त्यातून समोरच्याबद्दल एक जेमतेम पुरेसा विश्वास तयार होतो, ‘याला विचारायला हरकत नाही’ इतपत. त्यांच्या संज्ञेसाठी मी ‘कामचलाऊ विश्वास’ म्हणतो. आणि विरोधाभास हा की ज्या गप्पांमुळे लोक येतात त्याच गप्पांमुळे पुढे ताण तयार होतो आणि कामाची देवाणघेवाण अडते.

कल्पना झकास आहे. पण दोन ठिकाणी मला ती तोकडी वाटते.

एक तर ‘कामाबाहेरचा मजकूर’ हे एकच गाठोडं नाही. आपल्याकडच्या ऑफिस ग्रुपवर कामाबाहेरचं काय असतं? गुड मॉर्निंगची फुलं, सणांच्या शुभेच्छा, आणि कुणाचा वाढदिवस असला की एकामागून एक तोच केक. त्यातून माणूस कळत नाही; फार तर कोण साहेबांना सगळ्यात आधी विश करतं ते कळतं. (तीही माहितीच म्हणा, आणि बरीच उपयोगी.) कुणीतरी राजगडाच्या ट्रेकचा फोटो टाकला तर वेगळं. मग कळतं की हा शनिवार-रविवार हिंडतो, याच्याशी बोलता येईल. दोन्ही एकाच खान्यात टाकले तर कुतूहल नेमकं कशाने जागं होतं ते हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मेयर, डेव्हिस आणि शूरमन यांच्या 1995 च्या, अजूनही सगळे वापरतात त्या व्याख्येनुसार विश्वास म्हणजे समोरच्याच्या कृतीपुढे स्वतःला उघडं पडू देण्याची तयारी. ग्रुपवर प्रश्न विचारणारा कुणापुढे उघडा पडतो? फिटरकाकांपुढे नाही. त्यांच्यावर माझा कामचलाऊच काय, पक्का विश्वास होता. मी उघडा पडतो तो न बोलता वाचणाऱ्यांपुढे, आणि त्यांत माझं अप्रेझल लिहिणारा माणूसही असतो. कामचलाऊ विश्वासाचं गणित विचारणारा आणि सांगणारा या जोडीचं आहे. तिसरा, गप्प वाचणारा, त्यात नीट बसत नाही. खरं तर जेफ्री ट्रीम आणि लिओनार्डी यांनीच 2012 मध्ये या माध्यमांच्या चार गुणांत दृश्यता आणि टिकाऊपणा मोजलेत. मेसेज दिसतो आणि राहतो. कोण बघतंय यावर तो गुण की दोष ते ठरतं.

ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्सच्या कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांवर लिहिलेलं पुस्तक (1996) इथे आठवतं. ती मंडळी जेवताना एकमेकांना बिघाडांच्या गोष्टी सांगायची, आणि मॅन्युअलमध्ये नसलेलं बरंच शहाणपण त्यातून फिरायचं. त्या टेबलावर ‘मला हे जमलं नाही’ म्हणणं स्वस्त होतं. तोच माणूस, तेच ज्ञान. फक्त ऐकणारे बदलले की किंमत बदलते.

याचा माझ्या स्वतःच्या कामाला फटका बसलाय. मी वर्षभर ग्रुपवरचे मेसेज मोजायचं ठरवलं होतं: किती प्रश्न, किती उत्तरं, किती वेळात. या हिशोबात माझा तो प्रेसचा प्रसंग ‘एक प्रश्न, शून्य उत्तरं’ असा नोंदला गेला असता, आणि मी निष्कर्ष काढला असता की या विभागात कुणी काही सांगत नाही. प्रत्यक्षात तीन फोन आले होते. गाइडना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘मग फोन कसे मोजणार?’ उत्तर नाही माझ्याकडे. तूर्त मुलाखतीत एक प्रश्न वाढवलाय: ग्रुपवर टाइप करून शेवटचं काय पुसून टाकलंत? पहिल्या चारही जणांना ते शब्दशः आठवत होतं.